तारेचा फोन काढू नका, त्याच्या विजेची सोय करा

पत्राचा सारांश: वडील ७८ वर्षांचे, एकटे राहतात. मुलगी दुसऱ्या शहरात, मुलगा त्याहून लांब. तांब्याच्या जुन्या लाइनवरचं इंटरनेट सारखं तुटायचं म्हणून मुलाने फायबर घेतलं. बसवायला आलेला माणूस जाता जाता म्हणाला, "हा तारेचा फोन आता चालणार नाही, काढून टाका." जुनं कनेक्शन महिनाअखेर बंद करायचं ठरलं आहे. वडील ऐकायला तयार नाहीत. त्यांना दिलेला स्मार्टफोन बहुतेक वेळा बॅटरी संपून उशाशी पडलेला असतो. "माझा फोन वीज गेली तरी चालतो, तुमचं काय चालतं ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भावाच्या मते हा निव्वळ हट्ट आहे. तार एकदा कापली की आपोआप सवय होईल. बहिणीला ते निर्दयपणाचं वाटतं, पण भावाचं म्हणणं अगदीच खोडून काढता येत नाही. त्या विचारतात: बाबांना हा फोन सोडायला कसं समजवायचं? की समजवण्यात वेळ न घालवता सरळ बंदच करून टाकायचा?

ताई,

महिनाअखेरची तारीख आधी पुढे ढकला, मग बाकीचं बोलू. जुनं कनेक्शन बंद झालं की त्याच्याबरोबर नंबरही जाऊ शकतो, आणि एकदा गेलेला नंबर परत मिळेलच असं नाही. बाबांचा तो नंबर किती जणांच्या डायरीत आहे, किती कागदपत्रांवर आहे आणि किती जणांना तोंडपाठ आहे, हे बाबांनाही सांगता यायचं नाही. नंबर फायबरवर नेता येत असेल तर तो जुनं कनेक्शन चालू असतानाच न्यायचा असतो. फायबरवर घंटा वाजली, दोन्हीकडून बोलणं झालं, की मग जुनं बंद. भावाला एवढंच सांगा की फायबर राहणारच आहे, आपण फक्त क्रम बदलतो आहोत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. बाबांना कसं समजवायचं हे तुम्ही विचारलंत, पण त्यांना नेमकं काय सोडायला सांगायचं आहे आणि ते खरंच सोडावं लागणार आहे का, हे कोणीच पाहिलेलं दिसत नाही. ‘फोन आता चालणार नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात कोर्टाच्या निकालासारखं आलं आहे. ते म्हणालं कोण? तार ओढायला आलेला माणूस. त्याचं काम घरापर्यंत फायबर आणणं आणि डब्यावरचा दिवा हिरवा करून देणं. फोन जोडणं त्या दिवशीच्या कामात नसेल, किंवा भावाने घेतलेल्या योजनेत बोलण्याची सेवाच नसेल. ‘या योजनेत फोन नाही’ आणि ‘हा फोन चालत नाही’ यांत पुष्कळ अंतर आहे, आणि दारात उभं राहून बोलताना ते सहज पुसलं जातं.

फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही, म्हणून जुना फोन थेट तिला लावता येत नाही, एवढं त्या माणसाचं बरोबर. पण ती काच घरात ज्या डब्यात शिरते, ज्याला ओएनटी म्हणतात, त्या डब्याला किंवा सोबतच्या राउटरला बहुतेक वेळा फोनसाठी वेगळी जागा ठेवलेली असते. तिथे साधा तारेचा फोन लावला की तो डबाच एक्स्चेंजचं सोंग वठवतो. रिसीव्हर उचलला की डायल टोन देतो, फोन आला की घंटा वाजवण्याएवढा दाब तारेवर सोडतो, आणि बोलणं आकड्यांत बदलून इंटरनेटसारखंच पुढे पाठवतो. या पलीकडच्या उलाढालीचा फोनला पत्ताही नसतो. त्यासाठी वेग लागतो तो दोन्ही दिशांना सेकंदाला १०० किलोबिटच्या आतला. म्हणजे बाबा तासभर बोलत बसले तरी इंटरनेटला जाणवणार नाही.

पुढच्या वेळी बाबांकडे जाल तेव्हा तो डबा हातात घेऊन मागून बघा. चारेक सारख्या चौकोनी खाचा एका ओळीत दिसतील, त्या संगणकाच्या केबलच्या. त्यांच्या शेजारी एखादी जरा अरुंद खाच असेल आणि तिच्यावर टेल, फोन किंवा पॉट्स असं इंग्रजीत लिहिलेलं असेल, नाहीतर रिसीव्हरचं चित्र असेल. बाबांच्या फोनची पिन तिच्यात जायला हवी. गंमत अशी की फोनची बारकी पिन शेजारच्या रुंद खाचेतही टक्‌कन बसते. बसली म्हणून लोक खूश होतात, फोन मुका राहतो, आणि ‘फायबरवर फोन चालत नाही’ याला आणखी एक साक्षीदार मिळतो.

पिन योग्य खाचेत आहे आणि तरीही टोन नाही, तर याचा अर्थ बहुधा एवढाच की कंपनीने तुमच्या खात्यावर बोलण्याची सेवा सुरू केलेली नाही. ग्राहक सेवेला फोन करून ‘फोन चालत नाही’ असं मोघम सांगू नका. तीन गोष्टी विचारा: आमच्या योजनेत व्हॉइस आहे का, आमच्या डब्याचं फोनचं पोर्ट चालू करून देता का, आणि आमचा जुनाच नंबर त्यावर आणता का. डब्याला अशी खाचच नसेल तर एटीए नावाचा छोटा अडॅप्टर मिळतो. तो एका बाजूने राउटरला आणि दुसऱ्या बाजूने फोनला जोडतात. मात्र त्यात भरायची खात्याची माहिती सगळ्या कंपन्या देत नाहीत, म्हणून आधी चौकशी, मग खरेदी.

बाबांचा फोन कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बटणांचा असेल तर बहुतेक प्रश्न मिटला. तरी तो उलटा करून खाली बारीक खटका आहे का ते पाहा, एका बाजूला पी आणि दुसऱ्या बाजूला टी. पी म्हणजे पल्स, टी म्हणजे टोन. खटका टी कडे हवा. गोल चकतीचा असेल तर मात्र थोडी अडचण येते. चकती परत फिरताना लाइन खट्‌खट तोडत जाते, पाचासाठी पाच वेळा, शून्यासाठी दहा वेळा, आणि एक्स्चेंज ते ठोके मोजतं. टोनची पद्धत १९६३ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक बटण दोन सूर एकदम सोडतं. नव्या डब्यांपैकी बऱ्याच जणांना सूर कळतात, ठोके कळत नाहीत. अशा फोनवर आलेला कॉल घेता येतो, बोलता येतं, पण नंबर लावता येत नाही. ठोक्यांचे सूर करून देणारं छोटं यंत्र मिळतं, ते मध्ये जोडलं की चकतीही चालते. चकतीच्या फोनवर बाबांचा जीव असेल तर तेवढं करा. नुसतीच सवय असेल तर मोठ्या बटणांचा साधा तारेचा फोन घ्या.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाबा जिंकले. तसं नाही.

बाबा म्हणतात, वीज गेली तरी माझा फोन चालतो. जुन्या लाइनवर हे अक्षरशः खरं होतं, आणि त्यामागे नशीब नव्हतं, व्यवस्था होती. त्या दोन तांब्याच्या तारांतून आवाज येत होताच, शिवाय फोनला लागणारी वीजही एक्स्चेंजमधूनच येत होती, सुमारे ४८ व्होल्ट. घंटा वाजवताना त्याच तारांवर ७५ ते ९० व्होल्टचा दाब यायचा. उघडी तार हातात धरलेली असताना कोणाचा फोन आला असेल, त्याला तो आठवत असेल. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची, मोठ्या ठिकाणी तिच्या मागे जनरेटर. घर, गल्ली, अख्खा भाग अंधारात गेला तरी फोनला कोणाच्या घरच्या विजेची गरज नव्हती. बाबांच्या पिढीने कितीतरी वादळी रात्री हा अनुभव घेतलेला आहे. त्यामुळे त्यांचं वाक्य हट्टाचं नाही, अनुभवाचं आहे.

फक्त ते वाक्य तांब्याबद्दलचं होतं, फोनबद्दलचं नव्हतं. काचेतून वीज येत नाही. डबा तुमच्या भिंतीतल्या सॉकेटवर चालतो, आणि फोनला वीज तो डबा देतो. घरची वीज गेली की डबा विझतो आणि बाबांचा तोच विश्वासू फोन, त्याच टेबलावर, त्याच क्षणी बंद पडतो. रिसीव्हर उचलला तर खरखरसुद्धा ऐकू येत नाही.

माझ्या मते तुमच्या घरातली खरी अडचण इथे आहे. बाबा ज्या एका कारणासाठी हा फोन धरून बसले आहेत, तेच कारण फायबरबरोबर निघून जातं, आणि हे त्यांना कोणीही सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलं गेलं ते ‘फोन जुना झाला’. समजा तुम्ही समजूतदारपणा दाखवून त्यांचा फोन डब्याला जोडून दिलात आणि यातलं काहीच बोलला नाहीत, तर ते भावाच्या कात्रीपेक्षा वाईट होईल. निदान तार कापली तर फोन नाही हे बाबांना कळेल. गुपचूप जोडलेला फोन त्यांना वीज असताना रोज भरवसा देत राहील आणि अंधारात दगा देईल.

ही काळजी मी उगाच वाढवून सांगत नाही. ब्रिटनमध्ये तांब्यावरचं जुनं टेलिफोनचं जाळं पूर्ण बंद करायचं काम चालू आहे. त्याची मुदत आधी डिसेंबर २०२५ होती, ती जानेवारी २०२७ अखेरपर्यंत लांबवली गेली. लाइन बदलल्यावर काही वृद्धांच्या गळ्यातली मदत मागायची बटणं चालेनाशी झाल्याचं आढळलं होतं, आणि अशा लोकांची आधी नीट सोय लावायची हे मुदत वाढवण्यामागचं मुख्य कारण होतं. तिथल्या नियामकाची कंपन्यांकडून अपेक्षा आहे की ज्यांना लँडलाइनवाचून दुसरा आधार नाही, त्यांना वीज गेल्यावरही निदान एक तास आपत्कालीन नंबर लावता आला पाहिजे. तुमच्याकडे असा नियम असो नसो, एक तास ही किमान रेघ धरायला हरकत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी मी तरी ती बरीच पुढे सरकवीन.

कशी सरकवायची ते सांगते. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, वहीएवढे, आत लिथियमची बॅटरी. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट आणि १ किंवा २ अँपिअर असं असतं. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिन तीच बसायला हवी. खोक्यावर ‘८००० एमएएच’ असा मोठा आकडा असतो, त्याने भुलू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे हिशेबाने ३० वॅट-तासांच्या आत. डबा १० वॅट खात असेल तर कागदावर तीन तास, आणि व्होल्ट चढवण्यातली गळती धरली की प्रत्यक्षात अडीचच्या आसपास. बाबांकडे वीज साधारण किती वेळ जाते ते बाबांनाच विचारा आणि त्याच्या दुपटीची बॅटरी घ्या.

घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर डब्याचं सॉकेट त्याच्यावर आहे का एवढं बघा. पुष्कळ घरांत दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात आणि डबा मात्र भलत्याच सॉकेटवर. शिवाय काही इन्व्हर्टर वीज गेल्यावर क्षणभर दम घेतात. दिवा नुसता लुकलुकतो, पण डबा तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सावरायला काही मिनिटं घेतो. ती मिनिटं फोनही नसतो.

ओएनटी आणि राउटर असे दोन वेगळे डबे असतील तर फोन कोणत्या डब्यात लावला आहे ते महत्त्वाचं. ओएनटीत असेल तर बहुधा त्या एकालाच बॅटरी पुरते. राउटरमध्ये असेल तर दोघांनाही लागते, कारण राउटर जागा आणि ओएनटी झोपलेला, याचा काही उपयोग नाही.

आणि बाहेर काय? घरापर्यंत थेट फायबर येत असेल तर वाटेत बहुधा विजेवर चालणारं काही नसतं. प्रकाश वाटून देणारे तुकडे असतात, त्यांना वीज लागत नाही. कंपनीच्या टोकाला बॅटऱ्या असतात. त्यामुळे घरचा डबा जागा ठेवला की फोनही जागा राहण्याची शक्यता चांगली असते. पण काही इमारतींत फायबर जिन्याखालच्या पेटीपर्यंतच येतं आणि तिथून प्रत्येक घरात साधी केबल जाते. ती पेटी इमारतीच्या विजेवर असेल तर तुम्ही घरात कितीही मोठी बॅटरी लावा, उपयोग शून्य. बाबांच्या घरात डब्याला येणारी तार बारीक, कडक, सहज न वाकणारी असेल तर फायबर आत आलेलं आहे. निळी किंवा करडी जाडसर संगणकाची केबल भिंतीतून येत असेल तर ती पेटी शोधा आणि सोसायटीशी बोला.

फायबरच्या बाजूने बोलायचं तर तेही बोलू. काचेत पावसाचं पाणी शिरून खरखर होत नाही, आणि विजा चमकत असताना तारेवाटे घरात झटका यायचा तो या काचेतून येत नाही. आवाज बहुतेक वेळा जुन्या लाइनपेक्षा स्वच्छ असतो. तेव्हा भावाने फायबर घेतलं यात चूक काहीच नाही.

भावाचा आणखी एक मुद्दा तुम्ही पत्रात ओझरता लिहिला आहे, तो मला जास्त गंभीर वाटतो: बाबा न्हाणीघरात पडले तर टेबलावरचा फोन काय कामाचा? काहीच नाही. तारेच्या फोनची ही मर्यादा कोणत्याही बॅटरीने भरून निघत नाही. पण उशाशी बंद पडलेला स्मार्टफोनही तितकाच निरुपयोगी आहे, हे भाऊ विसरतो. तुम्ही दोघं ‘हा फोन की तो फोन’ असं भांडता आहात, तर बाबांना दोन वेगळ्या कामांसाठी दोन वस्तू लागणार आहेत. एक, रोज बोलायला: जागेवर असणारी, चार्ज न मागणारी, घंटा घरभर ऐकू येणारी. दुसरी, अडचणीच्या वेळी अंगावर असणारी. पहिलीसाठी तारेच्या फोनला तोड नाही. दुसरीसाठी स्मार्टफोन ही बहुधा चुकीची निवड झाली. वयानुसार बोटं कोरडी पडतात, काचेला स्पर्श कळत नाही, आलेला कॉल घ्यायला बोट सरकवावं लागतं आणि तेवढ्यात घंटा थांबते. हा माणसाचा दोष नव्हे. साधा बटणांचा मोबाइल, एकाच बटणावर तुमचा नंबर, शर्टाच्या खिशात मावणारा, आणि ज्याची बॅटरी बरेच दिवस टिकते, तो देऊन बघा. नाहीतर गळ्यात घालायचं मदतीचं बटण. पण ते तुमच्या नव्या लाइनवर चालतं का हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या आणि बसवल्यावर दाबून बघा.

मधला मार्ग म्हणून कोणीतरी कॉर्डलेस सुचवेलच. घरात फिरताना तो सोयीचा खरा, पण त्याच्या बैठकीलाही वीज लागते. म्हणजे विजेवर चालणाऱ्या डब्याला विजेवर चालणारा फोन. बॅटरी लावायची तर दोघांना लावायची, आणि हँडसेट बैठकीवर परत ठेवायची आठवण रोज बाबांनी ठेवायची. मुख्य फोन म्हणून मी तो घेणार नाही.

आता बाबांशी बोलण्याचं. समजवायला बसू नका. ७८ वर्षांच्या माणसाला त्याच्या फोनबद्दल उपदेश ऐकायला का आवडावं? त्यांना दाखवा. फोन डब्याला जोडून घ्या, तुमच्या मोबाइलवरून घंटा वाजवा, त्यांना बोलू द्या. मग त्यांनाच डब्याचा अडॅप्टर सॉकेटमधून काढायला सांगा आणि रिसीव्हर कानाला लावायला सांगा. टोन नसेल. इथे गप्प राहा, मधे बोलू नका. त्यांना जे कळायचं ते कळेल. त्यानंतर बॅटरी जोडा, डबा सुरू होईपर्यंत थांबा, आणि पुन्हा अडॅप्टर काढायला सांगा. या खेपेला टोन राहील. "बाबा, पूर्वी ही वीज एक्स्चेंज देत होतं, आता ती आपण ठेवायची," एवढंच वाक्य पुरे. ज्याने आयुष्यभर या गोष्टीवर भरवसा ठेवला आहे, त्याला ते पटायला वेळ लागणार नाही. कदाचित बॅटरीकडे लक्ष ठेवण्याचं काम ते स्वतःहून अंगावर घेतील.

हे सगळं करूनही ते म्हणाले की मला जुनीच लाइन हवी, तर? कंपनी ती चालू ठेवत असेल आणि खर्च झेपत असेल, तर ठेवा की. फायबर इंटरनेटला आणि तांबं फोनला, असं एकाच घरात दोन्ही राहू शकतं. फक्त अशी सोय किती काळ मिळेल हे आपल्या हातात नाही. तांब्याची जाळी एकेक करून बंद होत आहेत. म्हणून फायबरवरची तयारी आत्ताच करून ठेवा.

भावाला ‘सवय होईल’ याबद्दल मात्र स्पष्ट विचारा: सवय होईपर्यंतच्या काळात बाबांना रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर ते काय उचलणार? उत्तर असेल तर कापा तार.

अशीच पत्रं आणखी काही जणांकडून आली आहेत, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. घरभर जुन्या तारा आणि दोन-तीन जागी फोन असतील, तर डब्यातून निघालेली तार सरळ भिंतीतल्या जुन्या सॉकेटात खुपसू नका. बाहेरून येणारी तांब्याची लाइन आधी सोडवून घ्यावी लागते. नाहीतर एकाच तारेवर एक्स्चेंजचा दाब आणि डब्याचा दाब समोरासमोर येतात आणि डबा जळू शकतो. हे काम जाणकाराकडून करून घ्या. डबा एकाच वेळी जुन्या धाटणीच्या किती घंटा वाजवू शकेल यालाही मर्यादा असते. सगळे फोन लावल्यावर घंटा कण्हल्यासारखी वाजायला लागली तर एकेक फोन काढून बघा. डबा एका खोलीत आणि फोन दुसऱ्या खोलीत असेल तर लांब टेलिफोनची तार ओढणं हा सगळ्यात कमी कटकटीचा उपाय. घरातल्या अंतराने आवाजावर परिणाम होत नाही. जुन्या ब्रॉडबँडच्या वेळी फोनच्या तारेत लावलेला छोटा फिल्टर आता काढून टाकला तरी चालतो.

फॅक्स, चोराची घंटा, लिफ्टमधला फोन, दुकानातलं जुनं कार्ड-यंत्र असं काहीही त्या लाइनवर असेल, तर ‘फोन चालतोय म्हणजे तेही चालेल’ असं धरू नका. ही यंत्रं आपापसांत सुरांनी बोलतात आणि आकड्यांत बदलताना त्या सुरांची वाट लागू शकते. प्रत्येक यंत्र वेगळं तपासा. ज्यांचे ऐकण्याचे यंत्र फोनच्या रिसीव्हरशी जुळवलेलं आहे त्यांनी तोच रिसीव्हर ठेवावा. तो डब्यावरही तसाच चालेल.

आपत्कालीन सेवेसाठी तुमच्या फोनच्या खात्यात पत्ता बरोबर नोंदला आहे का तेही कंपनीला विचारा. इंटरनेटवरच्या फोनचा पत्ता तारेवरून ओळखला जात नाही, खात्यात लिहिलेला असतो तोच दिसतो. घर बदललं आणि डबा उचलून नेला तर मदत जुन्या घरी जाऊ शकते. हे तपासायला आपत्कालीन नंबर लावून बघू नका, ग्राहक सेवेला विचारा.

आणि बॅटरी आणलीत की तिच्यावर मार्करने तारीख घाला. लिथियमची बॅटरी नुसती प्लगला राहूनही दोन-तीन वर्षांत उतरते, आणि तिचा दिवा मात्र तोवर हिरवाच दाखवत असतो. दर सहा महिन्यांनी अडॅप्टर काढायचा, घड्याळ लावायचं आणि फोन किती वेळ चालतो ते बघायचं. सुरुवातीच्या निम्म्यावर आला की नवी आणा.